नव्या सरपंचबाईंनो, ग्रामसभा अशी घ्या

खुर्ची मिळाली की आधी घरच्यांना बजावा, पंचायतीचं काम आपल्या घरात येणार नाही. घरच्या ट्रॅक्टरने मुरूम टाकून बिल काढलं, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली पदच जाऊ शकतं.

महिला सभा आधी घ्या; तसा कायदाच आहे. तिथे बायका पाण्याचं बोलतात, मोठ्या सभेत नुसता रस्त्याचा विषय निघतो! ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं कमी ते. तेवढे जमले नाहीत तर सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरवू नका, सभा तहकूब करा. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) कुरकुरतील. कुरकुरू द्या.

प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, तिथेच लिहून मोठ्याने वाचा. विरोधकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवायचा, बरं का. सही करताना खालच्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारा.