२ चा ६७ वा घात वजा १: एकवीस अंकी संख्या तपासताना या चुका टाळा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. शेवटी ७ आहे, म्हणजे विषम. हे शाळकरी पोरही सांगेल. एक्सेलला मात्र ती सम वाटते.

संख्या सेलमध्ये टाइप करा, फॉरमॅट 'नंबर' ठेवा आणि कॉलम रुंद करा. दिसेल १४७५७३९५२५८९६७६००००००. एक्सेल पंधराच अंक धरतं आणि उरलेल्या सहांची शून्यं करून टाकतं, तेही अवाक्षर न काढता. सूत्राने काढली तरी तोच घोळ. २^६७ मधून (२^६७−१) वजा करून बघा: यायला हवा १, येतं ०. संख्या नुसती साठवायची असेल तर सेल आधी 'टेक्स्ट' करा आणि मगच टाइप करा. नंतर करून उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत.

गणित करायचं तर पायथॉन बरं, तिथे पूर्णांक हवा तेवढा मोठा चालतो. पण भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की उत्तर दशांशी होतं आणि पुन्हा शेवटचे अंक गळतात. ३ ने भागून 'उत्तर पूर्णांक आहे का' असं विचारा, पायथॉन बिनदिक्कत 'हो' म्हणतो. आता हाताने अंकांची बेरीज करा: १०९. म्हणजे बाकी १, भाग जातच नाही! दोन तिरक्या रेघा पूर्णांकी भागाकारासाठी, टक्क्याचं चिन्ह बाकीसाठी. एवढं पाळलं की पुरे.

वाचतानाही सांभाळा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या क्रमात खर्व म्हणजे १ वर १० शून्यं, हिंदीतला खरब म्हणजे ११. दोन्ही मिसळलेत तर दहापट फरक.

सगळ्यात जुनी चूक मात्र यंत्राची नाही. '६७ मूळ संख्या, म्हणून हीसुद्धा मूळ' असं वाटतं. ११ सुद्धा मूळच, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते आहेत २३ × ८९. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली, २ चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या येते याची यादी दिली, तीत ६७ घातला होता. ही संख्या संयुक्त आहे, म्हणजे मूळ नाही, हे ल्युका या गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव हाती लागले नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. दोन्ही मूळ, त्यामुळे एवढ्या अगडबंब संख्येला विभाजक चारच. (१ आणि ती स्वतः धरायला विसरू नका, परीक्षेत तिथेच मार्क जातात.)

शंभर-दोनशे मूळ संख्यांनी भाग जात नाही म्हणून थांबू नका. लहान अवयव वर्गमूळापर्यंत कुठेही असू शकतो, आणि हिचं वर्गमूळ १२१४ कोटींच्या पुढे आहे. तितक्या सगळ्या तपासायचीही गरज नाही. हिचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो. त्यातही १३४ ची कितवी पट, तो आकडा ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ उरेल तेच घ्यायचे, म्हणजे काम निम्म्यावर येतं. कोलचा लहान अवयव १४,४५,५८० व्या पटीवर सापडतो.