बेंदराचा बैल मोडला? या चुका टाळा

आषाढात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तोंडावर आला की कोल्हापुरात गंगावेशीत, पापाच्या तिकटीला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मातीच्या बैलांच्या जोड्या मांडलेल्या दिसतात. पूर्वी गावाकडं कुंभारीण जोडी घरपोच द्यायची आणि सुपातलं धान्य घेऊन जायची. यंदा आमच्या सात वर्षांच्या भाचीनं हट्ट धरला, "मामी, विकतचा नको. मी करणार." पहिल्या दिवशी पाच बैल केले, पाचही मोडले.

निम्मं काम मातीतच बिघडतं. आम्ही शाडूच्या पावडरीत अख्खा तांब्या ओतला आणि भज्याचं पीठ झालं. पाणी शिंपडत मळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वाकवून बघा. तडे गेले तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त. पातळ झालीच तर वरून कोरडी पावडर टाकू नका, गुठळ्या होतात. गोळा सुती कापडात गुंडाळून फरशीवर ठेवा, जास्तीचं पाणी कापड ओढून घेतं. मग रात्रभर ओल्या फडक्याखाली मुरू द्या. शेतातली काळी माती फुकट मिळते खरी, पण वाळताना इतकी आकसते की बैलाला भेगाच भेगा पडतात.

बैल बसला? म्हणजे पाय बारीक झाले. पोरं आधी अंग करतात आणि खाली चार काड्या लावतात. एकाच गोळ्यातून चारी पाय ओढून काढा, आखूड आणि जाड. कुंभाराचा बैल असाच ठेंगणा असतो, उगीच नाही. माती आवळेपर्यंत पोटाखाली कागदाचा बोळा ठेवा.

शिंगं सगळ्यात जास्त रडवतात. नुसती दाबून बसवली की वाळल्यावर टपकन पडतात. मी शहाणपणा करून आत काडेपेटीची काडी खुपसली, तर डोक्यालाच चीर गेली. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही. उपाय सोपा आहे. जोडायच्या दोन्ही जागा टाचणीनं खरवडायच्या, त्यावर मातीचीच दाट लापशी लावायची, शिंग किंचित फिरवत दाबायचं आणि सांध्यावरून ओलं बोट फिरवायचं. भाचीनं शिंग बसवलं, श्वास रोखून हात काढला आणि ओरडली, "धरलं!" त्यानंतर तिला जेवायला उठवणं अवघड झालं.

वाळवायची घाई नको. पंख्याखाली ठेवलं की बाहेरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि पाठ उलते. वारा नसलेल्या सावलीत ठेवा, रोज कूस बदला. आपल्याकडच्या आषाढातल्या हवेत चार-पाच दिवस धरूनच चाला. वाळला की नाही हे गालाला लावून कळतं. गार लागला तर आत ओल आहे. गॅसवर भाजायच्या फंदात पडू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन तुकडे उडतात.

आता माझी चूक. भाची झोपल्यावर मी तिच्या बैलाचं वशिंड गोल केलं, मान जरा उचलली. छान दिसत होता. सकाळी तिनं तो हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्यो माझा नव्हं. माझ्या बैलाला हितं खड्डा हुता." वशिंड दाबताना तिचा अंगठा रुतला होता, तोच मी बुजवला होता. तिनं बैलाचा परत गोळा केला आणि दिवसभर मातीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नवा केला, खड्ड्यासकट. देवघरात तोच बसला, पुरणपोळीचा निवदही त्यालाच. मोडेल असं वाटलं तर तोंडानं सांगा, हात लावू नका.

रंगाचं थोडक्यात: शाडू भाजलेली नसते, पाणीदार रंगानं ती विरघळते. पोस्टर रंग दाट घ्या, ब्रश एकदाच फिरवा. शिंगांना बेगड लावली की रंगाची चूक झाकतेही.

हात आणि भांडी बेसिनमध्ये धुऊ नका, पाइप तुंबतो. बादलीत धुवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी कुंडीत ओता आणि माती ठेवून द्या. नागपंचमीचा नागोबा त्यातच होतो. आमच्या बादलीवर आत्ताच खडूनं लिहिलंय, 'मामीनं हात लावू नये.'