चित्रपुस्तकातला बाबा कसा पारखावा

लहान मुलांसाठी चित्रपुस्तक घेताना आपण किंमत, कागद आणि चित्रे पाहतो; त्यातला बाबा काय करतो, हे सहसा पाहत नाही. पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात चार-पाच पुस्तके घेऊन बसावे आणि बाबाच्या वाट्याची क्रियापदे तेवढी कागदावर उतरवावीत. 'आले', 'गेले', 'आणले', 'रागावले' एवढ्यावरच यादी आटोपली, तर हा बाबा घरात पाहुणा आहे असे समजावे. डेव्हिड अँडरसन आणि मायकल हॅमिल्टन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात २०० चित्रपुस्तके तपासली, तेव्हा त्यांतही वडील कमीच आढळले आणि जे आढळले ते अलिप्त व निष्प्रभ होते.

मग चित्रातले हात पाहावेत. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधणारा बाबा काढणे सोपे, कारण ते सणाचे काम आहे. परंतु शाळेच्या घाईत दातांत रिबीन धरून, भांग वाकडा का पडेना, लेकीची वेणी घालणारा बाबा ज्या पुस्तकात असेल ते आधी उचलावे. बाबा स्वयंपाकघरात शिरला की भात करपलाच पाहिजे, असा विनोद मात्र पुरे झाला. रविवारी बांगडे साफ करून उत्तम हुमण, म्हणजे माशांची आमटी, करणारे पुरुष गोव्यात कमी नाहीत.

मराठीत आणखी एक खूण सापडते. आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणणारे पुस्तक चुकीचे नव्हे, पण तुमच्या घरात 'बाबा आला' असे म्हणत असतील, तर वाचताना बेलाशक तसे बदलून वाचावे.

आपल्याकडे कितीतरी मुलांचे वडील बोटीवर किंवा आखातात असतात. अशा मुलाला केवळ रोज संध्याकाळी घरी येणारेच बाबा दाखवू नयेत, दूर राहूनही मुलाची विचारपूस करणारा बाबा असलेली गोष्ट शोधावी, आणि ती न मिळाल्यास वाचता वाचता मुलालाच विचारावे, "आपला बाबा आता बोटीवर काय जेवत असेल?" बाबा सुट्टीवर आला की त्याच्याकडून दोन-तीन पुस्तके मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, आणि प्रत्येक पान संपल्यावर थोडे थांबून "आता पान उलट" असे म्हणायला त्याला सांगावे.