जुनं सागवानी ड्रेसिंग टेबल दुरुस्तीला घेण्याआधी

पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाशी निवांत बोलून घ्यावं. "नव्यासारखं करून द्या" असं बहुतेक जण म्हणतात, पण टेबलासमोर उभं राहून नीट विचारलं की आजीच्या वेळचा तो मुरलेला रंगच हवा असतो. एकदा घासलेला रंग परत आणता येत नाही. म्हणून काय ठेवायचं, काय बदलायचं हे खर्चाच्या अंदाजासोबत लिहून सही घ्यावी.

मग सगळ्या बाजूंनी फोटो. खण बाहेर काढून तळाला खडूने नंबर घालावेत, कारण हाताने बसवलेला खण दुसऱ्याच्या जागी जात नाही. पितळी मुठी आणि स्क्रू त्याच नंबरच्या पिशवीत. वरच्या खणात कुंकवाचा डाग किंवा खोबरेल मुरून काळा पडलेला कोपरा सापडला, तर विचारल्याशिवाय पुसू नये. घरच्यांचा जीव अनेकदा त्यातच अडकलेला असतो.

मूळ पॉलिश ओळखताना अजिबात घाई नको. पायाच्या आतल्या अंगाला स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवावा. लाकूड चिकट लागलं आणि बोळ्यावर तपकिरी उतरलं, तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश. ते पुष्कळदा काढावं लागतच नाही. मळ साफ करून वरून पातळ हात दिला की पुरतं. वर जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये.

मागच्या फळीला बारीक भोकं असली तर खाली काळा कागद अंथरून काही दिवस थांबावं. पिठासारखा ताजा भुगा पडला म्हणजे कीड जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त. सागाचा गाभा सहसा टिकतो, कडेचा पांढुरका भाग पोखरला जातो.

सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या चिकट गोंदाने, जोडलेले असतील तर ऊब आणि ओलाव्याने सुटतात, म्हणून पुन्हा जोडायलाही सरसच आणून ठेवावा. आरसा काढून उभा ठेवावा, त्याची पाठ खरवडू नये.

तारीख देताना पाऊस लक्षात घ्यावा. दमट हवेत फ्रेंच पॉलिशवर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात फुगलेल्या खणाला रंधा मारला तर उन्हाळ्यात तो खुळखुळतो. दसऱ्यानंतरचीच तारीख सांगावी, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

कामाच्या जागी पाण्याची बादली हवीच: जवसाच्या तेलाचे बोळे ढिगात राहिले तर आपोआप पेटतात, ते भिजवूनच टाकावेत.