गटाचं पहिलं प्रदर्शन लावताय? हॉलच्या आधी वही घ्या

नागपुरात चार कलाकार एकत्र आले की आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनते, मग नाव ठरते, मग लोगोवर आठवडाभर चर्चा चालते आणि लगेच हॉल बुक करायची घाई. आम्ही पण तेच केलं होतं. आता तीन प्रदर्शनं झाल्यावर कोणी विचारलं की मी एकच सांगतो, आधी इतवारीत जाऊन एक जाड लांब रजिस्टर घेऊन या, बाकी सगळं त्यानंतर.

आमचा गट १२ जणांचा. पेंटिंगवाले जास्त, दोघं मातीकाम करतात, एक भाऊ बांबूचं करतात, एक काकू भरतकाम करतात, आणि सगळेच नोकरी नाहीतर घर सांभाळून हे करून राहिले. पहिल्या वेळेस मातीकामवाल्या ताईचा एक मोठा माठ टेम्पोतून उतरवताना तडकला. कोणाच्या हातून ते सगळ्यांनी पाहिलं, पण भरपाई कोणी द्यायची हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे गप्प बसले. ताई काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन महिने मीटिंगला आल्या नाहीत. मला ते आजही लागते. दीड पानाचं लिखाण आधी झालं असतं तर हे झालंच नसतं.

म्हणून वहीत काय लिहायचं ते नीट सांगतो. प्रत्येक वस्तूला एक नंबर. त्यासमोर कोणाची, नाव, माध्यम, साइज इंचात, विक्रीची किंमत, आणताना आधीच कुठं ओरखडा असेल तर तो, आणि आणणाऱ्याची सही. परत नेताना पुन्हा सही. मोबाइलमध्ये प्रत्येक वस्तूचा समोरून आणि मागून फोटो काढून ठेवा, मागून यासाठी की फ्रेमचा हूक आधीच ढिला होता का हे नंतर कळते. पहिल्या पानावर गटाचे नियम, म्हणजे फुटलं-तुटलं तर गटाच्या पैशातून किती देणार, गटाचा हिस्सा किती टक्के, पैसे किती दिवसांत देणार (आम्ही १५ दिवस ठेवले), आणि स्टॉलवर ड्युटी चुकवली तर काय. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

नोंदणीचं लगेच डोक्यात घेऊ नका. सहकारी संस्था काढायची तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे किमान १० जण लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबातले पाहिजेत, एकाच घरातले नवरा-बायको दोघं धरून १० केले तर चालत नाही. मग दरवर्षी ऑडिट, सर्वसाधारण सभा हे सगळं मागे लागते. एक-दोन प्रदर्शनं साधा गट म्हणून करा, कोण टिकते ते दिसू द्या.

आता किंमत. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. समजा १२ बाय १६ इंचाचं कॅनव्हास आहे, मटेरियल ६०० रुपये, फ्रेम ८००, तुमचे ८ तास आणि तासाला १५० धरले तर १२००, एकूण झाले २६००. गटाचा हिस्सा १५ टक्के. बहुतेक जण २६०० वर १५ टक्के चढवतात आणि २९९० लिहितात, पण गट आपला हिस्सा विक्रीच्या किमतीतून कापते नं, म्हणजे ४४८ रुपये ५० पैसे गेले आणि तुमच्या हातात २५४१ रुपये ५० पैसे. म्हणून २६०० ला ०.८५ ने भागायचं, ३०५९ येते, ३१०० लिहा. आणि स्वतःचे तास धरायचेच, काकू तर सुरुवातीला फक्त धाग्याचे आणि कापडाचे पैसे लावायच्या, एका टेबल रनरला महिना जायचा त्याचं काहीच नाही! आम्ही त्यांना रोज संध्याकाळी किती वेळ बसल्या ते कॅलेंडरवर लिहायला लावलं, तेव्हा कुठं त्यांची किंमत बरोबर आली. हॉलमध्ये जी किंमत तीच घरून विकताना पण ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक कार्ड घेऊन जाते आणि नंतर घरी फोन करून भाव पाडते.

जागेसाठी सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर, लोकमत भवनातली जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा परिसर, अशा ठिकाणी स्वतः जाऊन बघा, भिंतीत खिळा ठोकू देतात की फक्त वरच्या रॉडवरून लटकवायचं हे विचारा, लाइट हलवता येते का ते विचारा. तारीख धरताना शहराचं कॅलेंडर समोर ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त आणि मोर्चे, टेम्पो आत न्यायला जीव जाते. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, तिकडचे रस्ते वळवलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत सामान आणायला जाऊच नका, काळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या काळ्या पुतळ्याची, मिरवणूक १८८१ पासून निघते आणि त्या दिवशी तो भाग तिचाच असतो. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगला.

उन्हाळा शक्यतो टाळा, पण करायचंच असेल तर हे वाचा. मे महिन्यात मी हिंगण्यावरून दोन अ‍ॅक्रिलिकचे कॅनव्हास बबल रॅपमध्ये गुंडाळून गाडीच्या डिक्कीत आणले होते, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. उघडले तर निळ्या आकाशावर गोल गोल ठसे उमटलेले, एकदम ओळीत. अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं मऊ पडते आणि बुडबुडे त्यात दबतात. तेव्हापासून आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप आणि त्याचे बुडबुडे बाहेरच्या बाजूनं. कॅनव्हास उभेच ठेवायचे, एकावर एक आडवे रचायचे नाही. जलरंगवाल्यांनी कूलरपासून लांब राहा, कूलरच्या ओल्या हवेनं कागद दोन दिवसांत लाटा धरते. काचेत लावताना मधे माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, पाहिजेच, कागद काचेला चिकटला की निघत नाही.

टांगायचं गणित सोपं आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर आला पाहिजे, म्हणजे साधारण डोळ्यासमोर. चित्र २४ इंच उंच असेल तर त्याचा अर्धा १२, म्हणून ५७ अधिक १२ झाले ६९. मागची तार हातानं ताणून बघा, ती वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल तर तेवढे वजा, खिळा ६६ इंचांवर. प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं टांगलं की भिंत वेडीवाकडी दिसते, म्हणून टेप एकाच माणसाच्या हातात द्या आणि त्या दिवशी त्याचंच ऐका. चांगल्या भिंतीवरून भांडण होते, तर चिठ्ठ्या टाका.

विक्रीला एकच क्यूआर कोड, गटाच्या खात्याचा, आणि खातं दोन सह्यांचं. हॉलच्या आत नेटवर्क जाते म्हणून बिल बुक जवळ पाहिजे. विकलेल्या चित्राच्या लेबलवर आम्ही साधी लाल टिकली लावतो, पैसे आल्यावरच, "उद्या येतो" म्हटल्यावर नाही. ड्युटीवर एका वेळी दोघं ठेवा, आणि त्यातला एक जण समोर बसून काम करत असला तर फार चांगलं, बांबूवाले भाऊ पट्ट्या सोलायला बसले की लोक थांबतातच, मग बाकीच्यांच्या वस्तूंकडे पण नजर जाते.

शेवटच्या संध्याकाळी घाई करू नका. आधी वही उघडा, नंबरप्रमाणे वस्तू खाली काढा, सही घ्या, मगच पॅकिंग. आणि कोणीतरी येताना पुट्टीचं छोटं पाकीट आणा, भिंतीची भोकं तिथल्या तिथं भरून घ्या, डिपॉझिट परत देताना हॉलवाले आधी भिंतच बघतात.