बाक करायचाय? आधी गादी मोजा

हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवायचा साधा बाक. पाठ नाही, हात नाहीत. एक फळी, चार पाय, खालून पट्ट्या. स्वतः करणार असाल तर वखारीत जाण्याआधी घरातच टेप काढा. लांबी सोपी आहे. माणशी २० ते २२ इंच धरा, म्हणजे तिघांना पाच, साडेपाच फूट. रुंदी १५ इंच. दार उघडतं का, प्लगचा बोर्ड झाकला जातो का, हे तुमचं तुम्ही बघालच.

आता उंची. विचाराल तिथे १८ इंच सांगतात. १८ ही बसल्यानंतरची उंची, म्हणजे गादी धरून, आणि तीसुद्धा उंच माणसाची. आमच्या आधीच्या बाकाची फळीच १८ला गेली, वर गादी आली आणि सासूबाईंचे पाय लोंबकळायला लागले. म्हणून बाकावर सगळ्यात जास्त कोण बसणार ते ठरवा, त्या माणसाला अनवाणी खुर्चीवर बसवा आणि गुडघ्यामागच्या लवणीपासून फरशीपर्यंत मोजा. बहुतेक १६ भरेल, कदाचित १५. त्यातून गादी वजा करा. गादी बसल्यावर जेवढी उरते तेवढी. फोम किती दबतो ते त्याच्या कडकपणावर असतं. कापसाची नवी गादी फुगलेली दिसते आणि वापरून चपटी होते. थोडक्यात, गादी आधी घरात आणा, मग लाकूड. दुकानदार ‘साहेब, चार इंची आहे’ म्हणाला म्हणून चार लिहू नका, कोणाला तरी वर बसवून कडेने टेप लावा.

हिशेब असा: हवी उंची १६. दबलेली गादी अडीच, राहिले साडेतेरा. फळी सव्वा इंच, राहिले सव्वाबारा. पायाखालचे रबरी बूट पाव इंच, म्हणजे पाय १२ इंचांचे. आकडा वाचून घरातले म्हणतील की हा काय पाट करतोय का. म्हणू देत. खात्री हवी तर विटा आणि रद्दीचे गठ्ठे रचून साडेतेरा इंच उंची करा, वर गादी टाका आणि ज्यांचं माप घेतलंत त्यांना त्यावर एक अख्खा चहा पिऊ द्या. दोन मिनिटं बसून ‘बरं आहे’ म्हणतात त्याला अर्थ नाही. उठताना गुडघ्यावर हात दाबावा लागतो का ते बघा. लागत असेल तर अर्धा-पाऊण इंच वाढवा.

लाकूड. बल्लारशाचा साग परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर जुन्या वाड्याच्या, जुन्या दारांच्या लाकडाच्या वखारी बघा. ते लाकूड पुरेपूर वाळलेलं असतं, फक्त आतले खिळे शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं गेलं. भाव घनफुटावर असतो: फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४. हे तिथे उभं राहून स्वतः करा. फळीची पांढरट कड घेऊ नका, भुंगा तिथूनच सुरुवात करतो. फळी डोळ्यासमोर आडवी धरून टोकाकडून बघा, पीळ असेल तर परत ठेवा. आणि दीड इंची मागा, रंधा मारून सव्वा उरते. एक इंची स्वस्त पडते खरी, पण रंध्यानंतर पाऊण इंच राहते आणि पाच फुटांवर तिघं बसले की मधे झोळ. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, त्यामुळे इथे कंजूषी नको.

आणलेलं लाकूड घरात, पंख्याखाली, मधे पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे पडू द्या. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला मात्र फुगतं आणि आकसतं. म्हणून फळी खालच्या पट्ट्यांना नुसती फेव्हिकॉलने चिकटवू नका. पट्टीत लांबट भोक करून स्क्रूने धरा, नाहीतर उन्हाळ्यात चीर. सागाला तेलकटपणा असतो, सांधा चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा.

हत्यारं: करवत, पटाशी, गुण्या (काटकोन बघायला), ड्रिल, निदान चार क्लॅम्प. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल नको, सांगायला नकोच.

पाय कापायच्या आधी: गादी घरात आली आहे का? आली नसेल तर करवत खाली ठेवा. मुंबईहून येतेय, टेलरकडे आहे, ‘तीच असते हो नेहमीची’, हे काही चालणार नाही. पाय लांब राहिले तर नंतर कापता येतात हे खरं, पण पायांमधल्या पट्ट्या फरशीजवळ बसवल्या असतील तर तेही अवघड. आखूड झाले तर मग ठोकळे लावत बसा.

पाय फळीच्या टोकापासून पाच-सहा इंचांपेक्षा आत नकोत, टोकाला एकटा माणूस बसला की बाक उलटतो. पायांची खालची टोकं पॉलिशने दोन-तीनदा भिजवा. रोजच्या पोच्याचं पाणी तिथूनच वर चढतं. डुगडुगला तर जिथे ठेवणार तिथेच ठेवून दुरुस्त करा, बाल्कनीकडे फरशीला उतार असतो.

घासकाम १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग २२०. कडा गोल करा, पोरं आपटतात. जवसाचं तेल लावलंत तर चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा. चपडीचं (लाखेचं) पॉलिश दमट हवेत पांढरं पडतं. गादीच्या कव्हराला चेन लावून घ्या. आणि उद्या गादी बदलावीशी वाटली तर दबल्यावरची जाडी हीच, अडीच.