कॅनडाच्या तरुण बॉम्बर वैमानिकावर स्मृतिलेख कसा लिहावा

कॅनडातील गावोगावच्या युद्धस्मारकांवर दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या तरुणांची नावे कोरलेली आहेत. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेतील सुमारे 55,500 माणसे त्या युद्धात मृत्युमुखी पडली आणि त्यांत जवळपास 10,000 कॅनडाची होती. त्यांतील एखाद्या वैमानिकावर 11 नोव्हेंबरच्या स्मृतिदिनासाठी लेख लिहायचा असेल, तर शौर्याची विशेषणे जमवण्याआधी कागदपत्रे जमवावीत.

शोध नावावरून न घेता सेवा क्रमांकावरून घ्यावा, कारण एकाच नावाची अनेक माणसे सापडतात. हा क्रमांक राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत मिळतो. मात्र रॉयल कॅनेडियन एअर फोर्समध्ये साध्या हुद्द्यावर भरती झालेल्या तरुणाचा क्रमांक ‘आर’ या अक्षराने सुरू होई आणि तो अधिकारी झाला की त्याला ‘जे’ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळे, तेव्हा दोन क्रमांक दिसले म्हणून माणसे दोन, असे धरू नये. शिवाय ‘पायलट ऑफिसर’ हा केवळ हुद्दा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला अँड्र्यू मायनार्स्की पायलट ऑफिसर होता, पण विमानातले त्याचे काम गनरचे होते.

यानंतर लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या संस्थेकडील सेवा-फाइल मिळवावी आणि ती सावकाश वाचावी. भरतीच्या अर्जात शिक्षण आणि आधीची नोकरी यांबरोबर खेळ आणि छंद यांचेही रकाने असतात, आणि विशीतल्या मुलाने तिथे लिहिलेले दोन-चार शब्द पुढच्या सगळ्या सरकारी पत्रव्यवहारापेक्षा त्याला अधिक जवळून दाखवतात. प्रशिक्षकांचे शेरेही वाचावेत. ते नेहमीच गोड नसतात, आणि लेखातून ते गाळू नयेत. फाइलच्या शेवटी घरच्यांना पाठवलेली पत्रे असतात: आधी ‘बेपत्ता’, मग काही महिन्यांनी ‘मृत मानण्यात येत आहे’. या दोन पत्रांमधला काळ कुटुंबाने कसा काढला असेल, याची कल्पना लेखकाने रंगवू नये. दोन्ही तारखा दिल्या की पुरे.

शेवटच्या उड्डाणासाठी लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील स्क्वाड्रनच्या नोंदवह्या पाहाव्यात. त्यांत विमानाचा क्रमांक, लक्ष्य, उड्डाणाची वेळ आणि साऱ्या चमूची नावे असतात. रात्रीच्या मोहिमेत विमान एका तारखेला निघून दुसऱ्या तारखेला पडलेले असू शकते. मायनार्स्कीचे विमान 12 जून 1944 च्या रात्री निघाले आणि तो 13 जूनला मरण पावला. म्हणून ‘12/13 जूनची रात्र’ असे लिहिणे बरे. लँकॅस्टर या बॉम्बर विमानात साधारणपणे सात जण असत. वैमानिकाबरोबर त्या बाकीच्यांचे काय झाले, हे लेखात आलेच पाहिजे.

फाइल कॅनडात सापडलीच नाही, तर तो ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये होता का, हे पाहावे. इयान बॅझलगेट हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचा जन्म 1918 मध्ये कॅल्गरीला झाला, पण तो लढला ब्रिटिश हवाई दलातून. 4 ऑगस्ट 1944 रोजी फ्रान्समध्ये त्रोसी-सेंट-मॅक्सिमिनवरील हल्ल्यात त्याचे लँकॅस्टर पेटले. चार सहकाऱ्यांनी पॅराशूटने उड्या घेतल्या, पण दोघांना उडी मारणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी त्याने विमान जमिनीवर उतरवले आणि लगेच त्याचा स्फोट झाला. तेव्हा तो 25 वर्षांचा होता. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि अल्बर्टातील नॅन्टन येथील बॉम्बर कमांड संग्रहालयातले लँकॅस्टर त्याच्या स्मृतीस अर्पण केलेले आहे.

ज्यांचे शव सापडले नाही, अशांची नावे इंग्लंडमधील रनीमीड स्मारकावर आहेत. समाधी असेल तर दगडावर कुटुंबाने निवडलेली ओळ आहे का, ते पाहून ती जशीच्या तशी उतरवावी. ऑटवातील स्मृतिग्रंथात त्याचे नाव असलेले पान वर्षातून ठरलेल्या दिवशी उघडे ठेवले जाते. तो दिवस शोधून नातेवाइकांना कळवावा. घरात छायाचित्र किंवा पत्र निघाले, तर कुटुंबाच्या परवानगीने त्याची प्रत कॅनेडियन व्हर्च्युअल वॉर मेमोरियल या ऑनलाइन स्मारकाकडे द्यावी.